सहावी ते आठवीच्या मुलांकडून नवी वस्तू घडवून घेताना: अडचणीपासून चाचणीपर्यंतचा क्रम

तालुका पातळीवरच्या कोणत्याही विज्ञान प्रदर्शनात टेबलांवरून नजर फिरवली, तर सिरिंजवर चालणारा जेसीबी, अडथळा आला की वाजणारी अंधकाठी, हात पुढे केल्यावर उघडणारी कचरापेटी आणि टाकी भरल्याची सूचना देणारी घंटी या वस्तू हमखास भेटतात. त्या करून पाहण्यात मुलांचे शिक्षण होते, यात शंका नाही. मात्र त्यांची रचना आधीच कोणीतरी केलेली असते आणि मूल ती फक्त पुन्हा जोडते. ‘स्वतःचे काहीतरी नवे करा’ असे सांगूनही हेच पुढे येते, कारण आपण मुलांना आधी ‘काय बनवणार?’ असे विचारतो. कोणाची कोणती अडचण, ती केव्हा आणि कशामुळे येते, हे त्याआधी विचारायला हवे. तो क्रम पाळता यावा यासाठी शिक्षक आणि पालकांनी कोणत्या टप्प्यावर काय करावे आणि कोठे थांबावे, हे पुढे दिले आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात नळाच्या तोटीला पाइप लावून घरातली पिंपे भरली जातात, आणि तो पाइप मध्येच निसटतो. लोक त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुतळी गुंडाळतात. सातवीतील दोघी-तिघींच्या गटाने ही अडचण निवडली आहे, असे समजावे.

## पूर्वतयारी

काम सुरू होण्याआधी पाच गोष्टी ठरवून घ्याव्यात.

गट दोन किंवा तीन मुलांचा असावा. पाच मुलांच्या गटात दोघे काम करतात आणि उरलेले फलक रंगवतात, हा अनुभव बहुतेक शिक्षकांना असेलच.

प्रत्येक गटाची एक बांधीव वही असावी, सुटे कागद नकोत. पानांना आधीच क्रमांक द्यावेत, प्रत्येक नोंदीवर तारीख घालावी आणि लिहिणे पेनानेच व्हावे. चुकलेला मजकूर खोडरबराने पुसू नये, त्यावर एक रेघ मारावी. फसलेली कल्पना वहीत वाचता आली पाहिजे, कारण पुढे ती बहुधा पुन्हा लागते.

साहित्याची एक पेटी तयार ठेवावी: जाड पुठ्ठा, रिकाम्या बाटल्या, सायकलची जुनी ट्यूब, बाइंडिंग तार, कपड्यांचे चिमटे, रबरबँड, बांबूच्या काड्या, निरनिराळे स्क्रू, मोजपट्टी आणि प्रयोगशाळेतला तानकाटा. सेन्सर आणि मोटारींचा संच याच वेळी टेबलावर आला, तर मुलांच्या सगळ्या कल्पनांना वायरी फुटतात. म्हणून शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतून मिळालेली, अशाच साहित्याची प्रयोगशाळा) असली, तरी तिचे कपाट पाचव्या टप्प्यापर्यंत बंद राहू द्यावे.

वेळेचा अंदाज तीन ते चार महिन्यांचा धरावा. जूनअखेर ते जुलै अडचण शोधण्यात आणि पाहण्यात, ऑगस्ट शोध आणि कल्पनांत, सप्टेंबर पहिल्या नमुन्यांत, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी चाचण्या अशी विभागणी बहुतेक शाळांना जमते. पहिल्या महिन्यात टेबलावर दाखवण्यासारखे काहीच नसते. मुख्याध्यापकांना आणि पालकांना ही कल्पना आधीच द्यावी.

हातांचा नियमही पहिल्याच दिवशी सांगावा. करवत, ड्रिल आणि गरम गोंदाची बंदूक मोठ्यांनी चालवावी, परंतु कोठे कापायचे याची खूण मुलाने केलेली असावी. खूण चुकीच्या जागी आहे असे दिसले, तरी वस्तू वाया जाण्यापलीकडे धोका नसेल तर तेथेच कापावे. हे पाळणे पालकांना फार जड जाते.

इशारा: घरातल्या 230 व्होल्टच्या विजेवर चालणारी कोणतीही रचना या वयोगटाने हाताळू नये. वीज लागलीच तर साध्या सेलवर काम करावे. जुन्या मोबाइलमधून काढलेल्या लिथियम बॅटऱ्या वापरू देऊ नयेत.

## टप्पा 1: अडचणींची यादी

मुलांना आठवडाभर घरात, शेतात, दुकानात आणि शाळेच्या स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवून फिरायला सांगावे. शोधायच्या खुणा तीन आहेत. माणूस कोठे चिडतो, कोठे सांडते किंवा तुटते, आणि लोकांनी कोठे दोरी, चिंधी, विटेचा तुकडा लावून काम भागवले आहे. तिसरी खूण सर्वांत मोलाची आहे, कारण जुगाड दिसला म्हणजे अडचण खरी आहे आणि बाजारातली वस्तू पुरी पडत नाही किंवा परवडत नाही, एवढे निश्चित होते. नळाच्या तोटीवरची ट्यूबची पट्टी ही अशीच खूण आहे.

प्रत्येक मुलाने किमान दहा नोंदी कराव्यात. त्यातून निवड करताना चार प्रश्न विचारावेत. ही अडचण ज्याला येते त्या माणसाशी मूल प्रत्यक्ष बोलू शकते का? ती आठवड्यातून एकदा तरी घडते का? ती मोजता येते का? आणि घरातल्या साहित्याने तिच्यावर काही करून पाहता येईल का?

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे अडचण फार मोठी निवडणे. ‘प्रदूषण’, ‘पाणीटंचाई’, ‘अपघात’ हे निबंधाचे विषय आहेत. मुलाने ‘पाणीटंचाई’ असे लिहून आणले तर तो विषय नाकारू नये. ‘तुमच्या घरी पाणी नेमके कोठे वाया जाते, ते उद्या पाहून ये’ असे सांगावे. पाइप निसटण्याची अडचण बहुधा अशाच वाटेने सापडते.

## टप्पा 2: जागेवर जाऊन पाहणे

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि पुढच्या बहुतेक फसगतींचे मूळ येथेच असते. अडचण ऐकून समजली, असे मुलांना आणि आपल्यालाही वाटते. ती जागेवर पाहिली की वेगळीच निघते.

मुलींनी पाणी येण्याच्या वेळी तीन-चार घरी जाऊन उभे राहावे आणि वहीत लिहावे: पाइप केव्हा निसटला, त्याआधी काय घडले, तोटीचा आकार कोणता, पाइप नवा की जुना, त्या वेळी पाइप कोण हाताळत होते. अशा नोंदी नीट ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. पाइपचे दुसरे टोक मोकळे असताना तो सहसा जागेवर राहतो. कोणी टोकावर अंगठा दाबून अंगणात फवारा मारला, पाइपला मोड पडला किंवा त्यावर सायकलचे चाक उभे राहिले, की तोटीपाशी दाब एकदम वाढतो आणि पाइप सुटतो. पाणी येण्याआधी नळातून हवा फुसफुसत येते, तेव्हाचा हिसकाही कारण ठरतो. थंडीत कडक झालेला जुना पाइप तोटीला नीट आवळून बसत नाही, ते तिसरे कारण.

म्हणजे ‘पाइप निसटतो’ या एका तक्रारीमागे तीन कारणे निघाली, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असू शकतो. पाइपला मोड पडू न देणारी वस्तू हाही या अडचणीचा उपाय आहे, आणि घरी बसून तो कोणालाच सुचला नसता.

वापरणाऱ्याशी बोलताना ‘तुम्हाला अशी क्लिप आवडेल का?’ असे विचारू नये. मुलांचे मन मोडू नये म्हणून काकू ‘हो’ म्हणतात आणि त्या उत्तराचा उपयोग शून्य. ‘मागच्या वेळी निसटला तेव्हा तुम्ही काय केलेत?’, ‘बाजारातून काही आणून पाहिले होते का? ते का सोडले?’ असे घडलेल्या गोष्टींविषयीचे प्रश्न विचारावेत.

तपासणी: वहीत किमान तीन ठिकाणच्या नोंदी, तोटीची मापे मिलिमीटरमध्ये आणि वापरणाऱ्यांची त्यांच्याच शब्दांतली दोन वाक्ये असल्याखेरीज पुढे जाऊ नये. घरात जाऊन छायाचित्र काढायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी.

## टप्पा 3: अडचण एका वाक्यात

आता अडचण अशी लिहावी की तिच्यात माणूस, प्रसंग आणि अटी असतील, पण उपाय नसेल. ‘नळासाठी चांगली क्लिप बनवणे’ हे वाक्य चुकीचे आहे, कारण क्लिप हा उपाय त्यात आधीच येऊन बसला. ‘पिंप भरणाऱ्या व्यक्तीला, पाइपमधला दाब अचानक वाढला तरी, पाइप तोटीवर टिकून राहायला हवा, तो एका हाताने, पान्याशिवाय लावता-काढता यावा, वेगवेगळ्या मापांच्या तोट्यांना चालावा आणि खर्च 20 रुपयांच्या आत असावा’ हे वाक्य लांब आहे, पण कामाचे आहे. यातली प्रत्येक अट दुसऱ्या टप्प्यातील एखाद्या नोंदीतून आलेली असावी. एका हाताने का? कारण पाहणीत पाइप लावणाऱ्या बाईच्या कडेवर मूल होते.

## टप्पा 4: आधी काय आहे, याचा शोध

मुलांना सुचलेली वस्तू त्यांच्यासाठी नवी असते. ती जगासाठी नवी आहे का, हे शोधावे लागते. पहिला शोध गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात घ्यावा आणि दुसरा प्लंबरकडे. आपल्या उदाहरणात दुकानदार लगेच स्क्रूने आवळायची लोखंडी क्लिप काढून दाखवील. मुलींनी ती विकत घेऊन वापरून पाहावी. तिला स्क्रूड्रायव्हर लागतो, रोज लावणे-काढणे त्रासाचे होते, आणि ओल्या जागी ती गंजते. या तीन उणिवा म्हणजे मुलींच्या वस्तूला मिळालेली जागा.

त्यानंतर इंटरनेटवर शोध घ्यावा. गूगल पेटंट्स आणि भारतीय पेटंट कार्यालयाची शोधसुविधा दोन्ही विनामूल्य आहेत. भाषा इंग्रजी असल्याने येथे शिक्षकांनी सोबत बसणे आवश्यक आहे. वस्तूच्या नावाने शोधण्यापेक्षा तिच्या कामाच्या शब्दांनी शोधावे आणि पेटंटचा मजकूर वाचण्याआधी आकृत्या पाहाव्यात. सातवीच्या मुलांना आकृती पुष्कळ कळते.

वहीत तीन रकाने करावेत: काय सापडले, ते कसे काम करते, आपल्या अटींपैकी कोणती अट ते पुरी करत नाही. हुबेहूब आपलीच कल्पना सापडली तर मुले हिरमुसतात. अशा वेळी तिसरा रकाना दाखवावा. तो रिकामा राहिला तरच कल्पना सोडावी.

इशारा: दोन माहीत असलेल्या वस्तू एकमेकींना चिकटवणे म्हणजे शोध नव्हे. छत्रीच्या दांड्याला टॉर्च बांधली, तर छत्री छत्रीचे काम करते आणि टॉर्च टॉर्चचे. भारतीय पेटंट कायदा, 1970 च्या कलम 3 मध्येही, एकमेकांपासून स्वतंत्रपणे आणि ठरलेल्या पद्धतीनेच चालणाऱ्या माहीत वस्तूंची नुसती मांडणी ‘शोध’ या व्याख्येतून वगळली आहे. दोन भाग एकत्र आल्याने तिसरेच काही काम होते का, हा प्रश्न मुलांना येथेच विचारावा.

## टप्पा 5: कल्पना, पुष्कळ आणि वेगवेगळ्या

पहिल्या बैठकीत गटाने किमान पंधरा कल्पना काढाव्यात, प्रत्येकीचे एक ओबडधोबड चित्र आणि एक ओळ. या बैठकीत शिक्षकांनी एकाही कल्पनेवर मत देऊ नये. ‘छान’ हेदेखील मतच आहे, कारण त्या शब्दानंतर सगळी मुले त्याच वाटेने जातात.

पाचव्या-सहाव्या कल्पनेनंतर गाडी अडते. तेव्हा ढकलायला काही ठरावीक प्रश्न जवळ ठेवावेत. उलटे केले तर? (पाइप तोटीवर चढवण्याऐवजी तोटीच्या आत बसला तर?) अडचण निर्माण करणारी शक्तीच कामाला लावली तर? (पाणी पाइपला जितके जोरात ढकलील, तितकी पकड घट्ट होईल अशी रचना?) दुसरीकडे हेच काम कोण करते? (कपड्यांचा चिमटा, बांगडी, गुरांच्या दाव्याची सरकगाठ.) सरकगाठ ओढली की आवळते, हे या गावातल्या मुलीला माहीत असते, ते नळापर्यंत आणण्याची उडी मात्र तिची तिने मारायची आहे. शिक्षकांनी उत्तर ओठांवर आले तरी गिळावे.

निवड दुसऱ्या दिवशी करावी. तिसऱ्या टप्प्यातील अटी आडव्या आणि कल्पना उभ्या लिहून प्रत्येक चौकटीत 0, 1 किंवा 2 गुण द्यावेत. सर्वाधिक गुणांच्या दोन कल्पना पुढे न्याव्यात. एकच नेली आणि ती फसली तर मुले तेथेच थांबतात.

सेन्सर, मोटार, मोबाइल अॅप यांचा विचार आता करायला हरकत नाही. त्यासाठी एकच कसोटी आहे: ते काढून टाकले तर अडचण सुटायची राहते का? राहत नसेल, तर ते नको.

## टप्पा 6: पहिला नमुना

पहिला नमुना एका तासात आणि फुकटच्या साहित्यात झाला पाहिजे. तो कुरूप असावा, हे मुलांना स्पष्ट सांगावे. रंग, चकचकीत कागद आणि नावाची पट्टी यांना या टप्प्यावर मनाई असावी. सुंदर झालेली वस्तू मोडायला मुलांचा हात धजत नाही, आणि येथे तर मोडूनच शिकायचे आहे. प्रदर्शनांत थर्माकोलवर एवढे श्रम जातात, त्यातले निम्मे या टप्प्याला मिळाले असते तर फार बरे झाले असते.

आपल्या गटाने तार आणि ट्यूबच्या पट्टीची एक सरकती कडी केली, आणि दुसरी एक बाटलीच्या झाकणात भोक पाडून बसवलेली पकड. दोन्ही वस्तूंची मापे वहीत घ्यावीत. माप न लिहिलेला नमुना हरवला, तर पुन्हा तसाच करता येत नाही.

## टप्पा 7: आकड्यांतली चाचणी

‘करून पाहिले, चालते’ ही चाचणी नव्हे. चाचणीला आकडा लागतो, आणि तो मिळवण्याची पद्धत मुलांनीच शोधावी. पाइपच्या बाबतीत एक सोपी पद्धत आहे. तोटीवर पाइपचा हातभर तुकडा चढवावा, त्याच्या खालच्या टोकाला बादली बांधावी आणि तिच्यात अर्ध्या-अर्ध्या लिटरने पाणी ओतत जावे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असल्याने, पाइप निसटला त्या क्षणी बादलीसह किती किलो झाले हे लगेच कळते. बादलीचे वजन तानकाट्यावर आधीच घ्यावे आणि पाय बादलीखाली येणार नाहीत, हे पाहावे.

किती किलोला टिकले म्हणजे पुरे? येथे आठवीचे गणित कामी येते. पाण्याची टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल, तर साचलेल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तोटीचा बाहेरचा व्यास 20 मिलिमीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे 3.14 चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे दुसरे टोक पूर्ण बंद केले असता पाइपला सुमारे 3 किलोचा ढकल बसतो. हिसक्याचा विचार करून लक्ष्य दुप्पट, 6 किलो, धरावे. हा हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर मांडला, तर परीक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार झाले.

चाचणीचे तीन नियम आहेत. पहिला, काहीही न लावलेला पाइप आणि ट्यूबची पट्टी लावलेला पाइप यांचीही चाचणी घ्यावी, नाहीतर आपली वस्तू कशापेक्षा चांगली हे सांगता येणार नाही. दुसरा, प्रत्येक चाचणी पाच वेळा करावी आणि पाचही आकडे लिहावेत, फक्त चांगला आकडा नव्हे. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तार जाड केली आणि पट्टीही रुंद केली, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

याखेरीज एक बारकावा आहे. कोरड्या पाइपवर घेतलेले आकडे फसवे असतात, कारण ओला पाइप तोटीवरून लवकर घसरतो. चाचणी ओल्या पाइपवरच घ्यावी. तसेच दाबाखाली पाइप थोडा फुगतो आणि पकड सैल होते, ते बादलीच्या चाचणीत दिसत नाही. म्हणून शेवटची चाचणी पाणी आलेल्या नळावर, टोक बंद करून घ्यावी.

चाचणी फसली की मुलांना ‘का?’ असे विचारू नये. त्याला ‘नीट केले नव्हते’ एवढेच उत्तर मिळते. ‘आधी काय हलले?’ असे विचारावे. त्या उत्तरातून पुढचा बदल निघतो. बदल, चाचणी, नोंद ही फेरी किमान तीनदा व्हावी.

तपासणी: वहीत फसलेल्या चाचण्या दिसत नसतील, तर वही नंतर बसून लिहिलेली आहे असे समजावे.

## टप्पा 8: वस्तू वापरणाऱ्याच्या हातात

दुसऱ्या टप्प्यात ज्यांच्याकडे पाहणी केली, त्यांच्याच घरी वस्तू आठवडाभर ठेवावी. देताना कशी लावायची ते सांगू नये. गप्प उभे राहून पाहावे. काकूंनी ती उलटी लावली, तर दोष वस्तूच्या आकारात आहे. आठवड्याने परत गेल्यावर वस्तू तोटीवर आहे की खिडकीत पडली आहे, हे पाहिले की बाकी प्रश्न फारसे विचारावे लागत नाहीत.

## टप्पा 9: नोंदणी, मांडणी आणि पेटंट

केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत सहावीपासूनचे विद्यार्थी आपली कल्पना शाळेमार्फत पाठवू शकतात. निवड झाल्यास नमुना तयार करण्यासाठी 10,000 रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. नोंदणी शाळेच्या लॉगिनमधून होते आणि शाळेला मर्यादित संख्येनेच कल्पना पाठवता येतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक आणि अंतिम तारीख जुलैमध्येच पाहून ठेवावी. मुलाचे बँक खाते सुरू आहे आणि त्यावरील नाव शाळेतील नोंदीशी जुळते, याची खात्री आधी करावी; ऐन वेळी अर्ज येथेच अडतात. कल्पनेचा सारांश लिहिताना तिसऱ्या टप्प्यातील वाक्य, चौथ्यातील तिसरा रकाना आणि सातव्यातील आकडे एवढे पुरे होते. तो मुलांनी आपल्या भाषेत लिहावा. शिक्षकांनी फक्त शुद्धलेखन पाहावे.

प्रदर्शनात टेबलावर पहिला कुरूप नमुना, मधला नमुना आणि शेवटचा, असे तिन्ही मांडावेत आणि वही उघडी ठेवावी. पाठ केलेले भाषण नको. परीक्षक सहसा ‘हे तुला कसे सुचले?’ आणि ‘यात अजून काय कमी आहे?’ हे दोन प्रश्न विचारतात, आणि स्वतः काम केलेल्या मुलाला दोन्हींची तयारी करावी लागत नाही.

पेटंटचा विचार बहुतेक गटांना करावा लागणार नाही. कल्पना खरोखरच वेगळी निघाली आणि पालकांना अर्ज करायचा असेल, तर मात्र क्रम महत्त्वाचा आहे: पेटंटसाठी वस्तू नवी असावी लागते, आणि आपणच तिचा व्हिडिओ किंवा बातमी आधी प्रसिद्ध केली तर तो नवेपणा धोक्यात येतो. अशा वेळी आधी पेटंट सल्लागाराला भेटावे. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज आधी दाखल करता येतो आणि संपूर्ण तपशील त्यानंतर 12 महिन्यांच्या आत द्यावा लागतो. अर्जात शोधक म्हणून ज्यांनी कल्पना काढली त्यांचीच नावे यावीत. ती कोणाची, हा वाद गटात निघाला तर वहीतील तारखा काढून पाहाव्यात, आणि साहित्य आणून देणाऱ्या किंवा खुणेवर करवत चालवणाऱ्या मोठ्यांची नावे शोधक म्हणून घालू नयेत.